परकारभाईंची चुकीची अमेरिका

तळमजल्यावरून नवव्या मजल्यावर पोचायला आमच्या लिफ्टला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात परकारभाई एक देश संपवतात. दार बंद झालं की सुरू. "वहिनी, ब्राझीलमध्ये पाऊस नाही. कॉफी गेली." चौथ्या मजल्यावर मळे सुकतात, सहाव्यावर व्यापारी गोणी दाबून ठेवतात आणि नववा आला की भाई दोन्ही हात झटकून म्हणतात, "मागणी-पुरवठा. खलास!" मग दार उघडतं आणि मी ब्राझीलमधून थेट शारजातल्या अल नहदाच्या आमच्या कॉरिडॉरमध्ये, कुणाच्या तरी माशाच्या कालवणाच्या वासात उतरते.

भाई मूळचे रत्नागिरीकडचे. आमची त्यांची भिंतीला भिंत. चाळीस वर्षं शारजात फळांचा व्यापार केला, बंदरावर उभं राहून पेट्या उतरवून घेतल्या. झुबेदाभाभी गेल्यापासून एकटेच असतात. एकुलती एक मुलगी नसीम टोरांटोला, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. भाईंना शेजारच्या दुबईत काय चाललंय ते ठाऊक नसतं, पण पनामाच्या कालव्यात पाणी किती उरलं ते विचारा. अमेरिकेतल्या अंड्यांचा भाव ते आधी डॉलरमध्ये सांगतात, मग दिरहॅममध्ये, मग रुपयांत, आणि शेवटी हळहळतात, "एवढ्यात आमच्याकडे कोंबडी येते!"

पंचाईत एवढीच, की त्यांचं अर्थशास्त्र मुळापासून चुकीचं. पनामात जहाजं अडकली, म्हणजे माल साठला, म्हणजे सगळं स्वस्त होणार. अर्जेंटिनात महागाई, तर सरकारने नोटा छापून वाटून टाकाव्यात, हाय काय त्यात! माझी नात सई लिफ्टमध्ये कपाळाला हात लावते. "आजी, ही इज सो राँग!"

आणि चूक ऐकून गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. मी बी.ए., अर्थशास्त्र. दुसरा वर्ग, पण चाल पहिल्या वर्गाची. लग्न होऊन शारजात आले तेव्हा बॅगेत दोन पैठण्या होत्या आणि कॉलेजच्या नोट्सची वही. पहिल्याच आठवड्यात ही शहाणी मुलगी खालच्या फळवाल्याला म्हणाली, की तिसरा आंबा पहिल्याइतकं सुख देत नाही, तेव्हा त्याचा भाव कमी लावा. त्याने शांतपणे तिसरा आंबा माझ्या पिशवीतून काढून घेतला. म्हणाला, "तो मत लो."

घरीही तेच. ह्यांनी चार लोकांत काही सांगायला घेतलं की मी मधेच, "मंगळवार नव्हता, बुधवार होता." "सात जण नव्हते, सहा होते." हळूहळू ह्यांनी गोष्टी सांगणं सोडलं. मला वाटलं, सुधारले.

संध्याकाळी भाई आणि मी तळ्याकाठच्या बाकावर बसतो. त्या वेळी उन्हाची धूळ आणि पाण्याची वाफ एक होते, पलीकडचे टॉवर मुळं नसल्यासारखे तरंगतात, आणि विमानं त्या धुक्यातून इतक्या हळू उतरतात की वाटतं, उतरायचं विसरली असावीत. भाई बोलत राहतात आणि मला पाण्यावर कॉफीचे डोंगर दिसतात, कालव्यापाशी रांगेत ताटकळलेली जहाजं दिसतात, बर्फातलं कोंबड्यांचं एक रिकामं खुराडं दिसतं. मी कुठे कुठे जाऊन येते! मग भाई काहीतरी चुकीचं बोलतात आणि मी धाडकन बाकावर येते.

एका शनिवारी मी त्यांच्याकडे सांज्याच्या पोळ्या घेऊन गेले. पाच वाजले होते, म्हणजे टोरांटोला सकाळ. नसीमचा फोन नुकताच लागला होता, स्पीकरवर.

"काय गं नसीम, अमेरिकेने तुमच्या मालावर कर लावला म्हणे," भाई पाय वर घेऊन ऐसपैस बसले. "म्हणजे तो तुमचा कॅनडावाला भरणार. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं काय जातंय?"

"अब्बा, नो..." नसीमने श्वास घेतला.

तिचा श्वास पुरा व्हायच्या आत मी सोफ्यावरून ओरडले, "अहो, कर बंदरावर माल सोडवणारा भरतो! म्हणजे अमेरिकेतलाच व्यापारी. आणि मग तो गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकतो!"

"एक्झॅक्टली, आंटी! किती छान सांगितलंत. अब्बा, कळलं ना?"

"कळलं," भाई म्हणाले.

"तब्येत ठीक?"

"ठीक."

"औषधं घेता ना? चला, ठेवते मग. टेक केअर, अब्बा."

फोन बंद झाला. मी विजयी चेहऱ्याने पोळ्यांचा डबा पुढे केला. भाईंनी तो घेतला, उघडला नाही. फोनच्या काळ्या काचेकडे बघत बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "चाळीस वर्षं बंदरावर ड्यूटी मीच भरली. कोण भरतं ते मला माहीत नसेल?"

मी डब्याकडे बघायला लागले.

"झुबेदा होती तेव्हा फोन तिच्याकडेच असायचा. मी मागून नुसता ओरडायचो, माझा सलाम सांग. ती गेल्यावर नसीमशी काय बोलायचं तेच मला येईना. तब्येत ठीक? ठीक. जेवलीस? जेवले. एक मिनिट, खलास. मग एकदा अंड्यांबद्दल काहीतरी उलटं बोलून गेलो. पोरगी चिडली! अर्धा तास शिकवत होती. लहानपणी मी तिचे पाढे घ्यायचो ना, तशी. तेव्हापासून आठवडाभर एक चूक शोधतो. चूक अशी पाहिजे, की तिला राग यावा, पण काळजी वाटू नये."

मग स्वतःशीच म्हणाले, "आजची चूक अर्ध्या तासाची होती."

त्या रात्री जेवताना भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे लक्ष गेलं. बुधवार होता तर होता, ह्यांचा मंगळवार मी राहू दिला असता तर काय बिघडलं असतं? अजून किती गोष्टी ऐकायला मिळाल्या असत्या.

आठवडाभर बाकावर आम्ही पुढच्या फोनसाठी चूक घडवत होतो. माझ्या बी.ए.चा पहिल्यांदाच कुणाला उपयोग होत होता. शनिवारी मी पुन्हा त्यांच्याकडे गेले.

"नसीम," भाईंनी गंभीर आवाजात सुरुवात केली, "अमेरिकेत अंडी महागली, कारण लोकांची भूक वाढली."

"अब्बा! कोंबड्या मेल्या, पुरवठा घटला. भूक तेवढीच आहे!"

"मग महाग कशी झाली? भूक वाढल्याशिवाय?"

"ओ गॉड. आंटी आहेत ना तिथे? आंटी, तुम्हीच सांगा त्यांना."

बरोबर उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं. भाई माझ्याकडे बघत होते. बंदरावर एखादी पेटी घसरताना बघावी, तसे.

मी म्हटलं, "अगं नसीम, मला तर भाईंचंच पटतंय."

"तुम्ही दोघंही ना!" ती तिकडे ओरडली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, कप ठेवल्याचा आला. "ओके. बसा. आता अगदी पहिल्यापासून सांगते. समजा, एका गावात शंभर अंडी आहेत..."

भाईंनी मान मागे टेकली आणि डोळे मिटले. खिडकीबाहेर एक विमान धुक्यातून उतरायचं विसरलं होतं. मी डबा उघडला, एक पोळी त्यांच्या हातात दिली, आणि आम्ही दोघं त्या गावातली अंडी मोजत राहिलो.