डब्यातल्या किड्यांचा पाहुणचार

"अख्खी हयात पोरं सांभाळण्यात गेली आणि तू मला किडे सांभाळायला शिकवतेस?" असं म्हणत गुरुजींनी नातीच्या हातातून डबा घेतला, तेव्हा त्यांची छाती फुग्यासारखी फुगली होती!

नातीला सगळे भिंगरी म्हणत. ती शाळेच्या शिबिराला निघाली होती. डब्यात ओलसर माती, वाळका पाचोळा, झाडाची साल आणि हात लावला की अंग दुमडून गोळी होणारे राखाडी किडे. त्यातल्या एका मादीच्या पोटाखाली अंडी होती आणि भिंगरीचा सगळा जीव त्या मादीत अडकला होता.

"आजोबा, फक्त पाणी शिंपडायचं. खायला पाचोळा आहे. बाकी काही देऊ नका हं!"

"नाही गं बाई, नाही!"

पण डबा अर्धवट टाकणाऱ्या पोरांशेजारी मधल्या सुट्टीत ठाण मांडून बसलेला माणूस तो! पोटुशीला कोरडी पानं? छे! त्यांनी गाजराचं साल टाकलं. सगळी मंडळी त्यावर तुटून पडली.

"बघ, किती भुकेली होती बिचारी!" ते सुनेला म्हणाले.

झालं! मग रात्रीचा उरलेला खारवलेला बटाटा गेला, लोणी लावलेल्या पावाचे काठ गेले, ऑम्लेटचा तुकडा गेला. पाहुणे काही बाहेर येईनात.

"लाजतात," गुरुजी म्हणाले आणि वरून चीज किसलं.

शिबिर संपत आलं तेव्हा एका सकाळी त्यांनी झाकण उघडलं, तर आत पांढराशुभ्र कापूसच कापूस! गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच फोन लावला.

"भिंगरे, बाळं झाली! पांढरी, मऊ, ढीगभर!"

भिंगरी अशी किंचाळली की अख्खं शिबिर गोळा झालं.

"बाबा, त्या डब्याला वास येतोय," सून नाक दाबून म्हणाली.

"बाळंतिणीच्या खोलीला येतोच!"

भिंगरी परतली ती मैत्रिणींचा घोळका आणि वर्गाच्या बाईंना सोबत घेऊनच. गुरुजींनी सगळ्यांना अर्धगोलात बसवलं, मातृत्वावर छोटंसं भाषण ठोकलं आणि झाकण काढलं. आतून चिलटांचा लोंढा उसळला! मैत्रिणी पांगल्या. बाईंनी खिडकी गाठली.

भिंगरी मात्र डब्यावर वाकली. "आजोबा, ही बुरशी आहे."

"सगळी?"

"सगळी."

तिने चमच्याने एकेक पदार्थ बाहेर काढला. ती मादी ऑम्लेटखाली सापडली. भिंगरीने तिला बोट लावलं. गोळी झाली नाही. थोडं थांबून पुन्हा लावलं. मग तिने हात मागे घेतला. ती रडली असती, तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

"त्यांना मीठ सोसत नाही," ती म्हणाली. "मी सांगून गेले होते."

"हो गं," गुरुजी पुटपुटले. सांगितलेलं ऐकत जा, म्हणून त्यांनी आजवर किती पोरांना समजावलं होतं! आता तोंड कुठे लपवावं, कळेना.

सालीखाली मोजकेच किडे तग धरून होते. भिंगरीने त्यांना दुसऱ्या डब्यात हलवलं आणि एक वाळकं पान आजोबांच्या हातात दिलं.

"घाला तुम्हीच. हळूच."

पान हातात धरून गुरुजी डब्यापाशी जरा घुटमळले. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "नुसतंच?"