कोपऱ्यातल्या हत्तीची चौदा घरं

वरुणरावांचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. मेव्हणा तुकोजी ओरत्तनाडूहून लॅपटॉप घेऊन हजर झाला होता. दोघांनी बुद्धिबळ खेळणारे आपापले प्रोग्रॅम लिहिले होते आणि आज त्यांची झुंज होती. 'हरलो तर जन्मात पटाला हात लावणार नाही,' अशी शपथ वरुणरावांनी अख्ख्या गोतावळ्यासमोर घेतली होती.

त्यांचा प्रोग्रॅम आधी फार सावकाश चाले. प्रत्येक मोहऱ्याला हलायला किती घरं मोकळी आहेत, हे तो दर खेळीला मोजत बसे. मग त्यांना युक्ती सुचली. रिकाम्या पटावर हत्ती कुठंही ठेवा, त्याला चौदा घरं मिळतातच. मग मोजायचं कशाला? सगळ्या मोहऱ्यांचा एकदाच तक्ता करून टाकला आणि प्रोग्रॅम सुसाट धावू लागला. आनंदाच्या भरात त्यांनी फोनवर तुकोजीपुढे ही बढाई मारलीही.

डाव सुरू झाला. वीस खेळ्या झाल्या तरी हत्ती कोपऱ्यातून हलेना.

"हल की रे, मेल्या!" वरुणराव स्क्रीनवर खेकसले.

त्यांची बायको राजमबाई कॉफी घेऊन आल्या होत्या. "अय्यो, कसं हलंल ते? पुढं आपलंच प्यादं, बाजूला आपलाच घोडा."

"चौदा घरं मोकळी आहेत त्याला!"

"कोठ आहेत? दाखवा की."

वरुणरावांनी कपाळावर हात मारला. रिकाम्या पटाचा तक्ता भरल्या पटाला! हत्ती कोंडलेला, आणि प्रोग्रॅम त्याला मोकळा समजून स्वस्थ बसलेला. बरं, डाव चालू असताना दुरुस्ती करायची नाही, हा नियमही त्यांचाच. त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

पण तुकोजी तरी चढाई का करत नव्हता? वरुणरावांनी नीट पाहिलं. त्याचेही दोन्ही हत्ती कोपऱ्यात! दोन्हीकडचे घोडे नुसते पुढं-मागं करत होते. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली आणि डाव बरोबरीत सुटला.

वरुणराव ताडकन उठले. "चोरा! माझी..."

युक्ती माझी म्हणावं, तर गाढवपणाही माझाच ठरणार.

"चोर कोण, भावजी?" तुकोजी उसळला. "तक्ता माझाच. कोणी शिकवलं नाही मला!"

राजमबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. वरुणरावांनी दातओठ खात मोबाइल घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'आजची युक्ती सर्वस्वी तुकोजीची. माझा तिच्याशी काडीचाही संबंध नाही.'

तुकोजीनं ते दोनदा वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"भावजी," तो म्हणाला, "एवढं मोठं मन कोणाचं असतं हो?"