विजेला पोज द्यायला लावणारा बबनदादा

ढग गडगडले की आमच्या शहापूरकडची माणसं अंगणात कोयता फेकतात आणि घरात पळतात. वीज पडायचीच तर लोखंडावर पडू दे, घरावर नको, असा त्यामागे विश्वास. आमचा शेजारी बबनदादा मात्र कॅमेरा उचलून बाहेर पळतो.

धंदा लग्नाच्या फोटोंचा. त्यामुळे विजेशीही तो तसाच बोलतो. “नवरीबाय, इकडं बघा. जरा हसा. हां, डोलं नाय मिटायचं!” इतक्या वर्षांत धड फोटो एकही नाही. एकात विजेच्या खांबाची तार, एकात स्वतःचाच अंगठा. तरी आभाळ भरलं की स्वारी निघालीच. मुरबाडच्या एका नवरदेवाला हातात हार घेऊन ताटकळत ठेवलं, आणि वर सुनावलं, “नवरदेव थांबतो, वीज नाय थांबत!”

गेल्या भातकापणीत त्यानं मलाही व्हॅनमध्ये कोंबलं आणि शेताच्या कडेला गाडी लावली. भरदुपारी माहुलीच्या डोंगराकडून काळंकुट्ट आभाळ चालून आलं. शेतात सात-आठ बाया, कापलेलं भात भिजू नये म्हणून खाली वाकून भराभर भारे बांधत होत्या.

लख्खकन वीज चमकली, लगेच गडगडाटानं काचा थरथरल्या. “मिळाली का?” मी विचारलं.

त्यानं कॅमेरा माझ्या मांडीवर टाकला, हॉर्न दाबून धरला आणि व्हॅन बांधावरून थेट शेतात घातली.

“हातातलं विले टाका गो! गाडीत बसा!”

“आन भात?” एक म्हातारी ओरडली. “भिजल्यावर खाव काय?”

“मी वालवून देतो, मावशी! चल आधी!”

बाया आत घुसल्या. मी कुणाच्या तरी कोपराखाली चेंगरलो. दार लागलं न लागलं तोच कडाडकन आवाज झाला आणि बांधावरचा ताड पेटला. म्हातारीनं बबनदादाचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता.

“दादा, फोटो गेला रे,” मी पुटपुटलो.

“जाव दे. माजी आय अशीच गेली, भात कापताना. सगल्यांच्या माना खाली. वर बघायला कोनीच नव्हता.”

“मग हा कॅमेरा कशाला?”

तो जळत्या ताडाकडे बघत राहिला.

“नुसता वर बघत उभा राह्यलो तर लोक येडा म्हनतील रे. कॅमेरा असला का फोटोग्राफर म्हनतात.”