सासरेबुवांची कोरियन मुळाक्षरं

गौरीने कोरियन मुलगा पसंत केल्यापासून तिचे बाबा चंद्रकांतराव गप्प होते. हो नाही की नाही नाही! तिच्या आईने, मंगलाबाईंनी, निदान रडून घेतलं, भांडी आदळली. हे मात्र उठसूट बाथरूमला कडी लावून बसायचे. आणि आज संध्याकाळी तो मुलगा, सुंगहो, त्यांच्या कलकत्त्यातल्या सॉल्ट लेकच्या घरी जेवायला येऊन होकार मागणार होता.

दुपारी मंगलाबाई पुरण वाटत होत्या, तेवढ्यात बाथरूममधून घरघर ऐकू आली. कडी लावायची नेमकी राहिली होती. दार ढकलून बघतात तो काय, आरशासमोर चंद्रकांतराव आ वासून उभे, जीभ मागे ओढलेली!

"अहो, काय होतंय?"

"न्... न्..." जीभ आता दातांमागे चिकटली होती.

"गौरीऽऽ! बाबांना झटका आला! तुझ्या त्या कोरियनचा धसका घेतलाय गं त्यांनी!"

"अगं, मला काही..." म्हणेपर्यंत शेजारचे घोषबाबू टॅक्सी घेऊन हजर. कलकत्त्यात कुणी आजारी पडलं की अख्खी गल्ली धावून येते. फक्त पेशंटला बोलू देत नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?"

"काही नाही हो. कोरियन अक्षरं शिकतोय. पूर्वी तिथे चिनी अक्षरांत लिहायचे, ती साध्या माणसांना झेपेनात, म्हणून तिथल्या सेजोंग राजाने नवी लिपी केली. 'ग' म्हणताना जीभ जशी वळते, तसंच अक्षर! हे बघा..." त्यांनी आ केला.

"बरळतायत," डॉक्टर नर्सला म्हणाले. "स्कॅनला न्या."

नर्स व्हीलचेअर आणायला गेली आणि गौरीचा बांध फुटला. "बाबा, नाही करत मी लग्न. तुम्ही फक्त बरे व्हा."

"नाही करत काय? महिनाभर जीभ वळवतोय मी! त्याच्या आईवडिलांना आपल्या हाताने चार ओळी लिहायला नकोत? तुझी आई हसेल म्हणून लपून शिकलो, तर हे भलतंच!"

मंगलाबाई रडता रडता हसायला लागल्या. तेवढ्यात सुंगहो धापा टाकत आला. गौरीने सगळं सांगितलं तसे त्याचे डोळे भरून आले.

"बाबा, 'न' दाखवा ना," तो इंग्रजीत म्हणाला.

चंद्रकांतरावांनी आ केला. "जीभ जराशी वर," असं म्हणत त्यानेही आ केला. नर्स व्हीलचेअर घेऊन आली, ती दारातच थबकली.

"सिस्टर, हा आमचा जावई," चंद्रकांतरावांनी छाती फुगवून ओळख करून दिली.

नर्स व्हीलचेअर तिथेच सोडून उलट पावली पळाली.

"डॉक्टरबाबू, जावयालाही झटका आलाय!"