सबनीसकाकांची साठ वर्षं

सबनीसकाकांना व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवायची सोय नाही. गुलाबाचं चित्र गेलं की लगेच उत्तर येतं, "गुलाब छान. फोटो कोणाचा? त्याला विचारलंत?"

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी होतो. निवृत्तीनंतर दोघांनीही दिल्लीतल्याच द्वारकेत एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले. काकांनी नोकरीभर कॉपीराइटचंच काम केलं आणि ते घरीही आणलं. सोसायटीच्या दिवाळी अंकात कोणी उसनी चारोळी घातली, की हे संपादकाच्या दारात उभे. "यार, निदान कवीचं नाव तरी टाका."

पण एक जानेवारीला काका स्वतः शिरा करून घरोघर वाटतात. लोकांना वाटतं, नव्या वर्षाचा. काका दारातच समजावतात, "लेखक गेला की साठ वर्षं हक्क वारसांकडे. त्यानंतरच्या एक जानेवारीपासून लिखाण सगळ्यांचं. आज कितीतरी कवी मोकळे झाले. घ्या, तूप जरा जास्त झालंय."

मालतीकाकूंना या सगळ्याचं हसू यायचं. त्या क्वार्टरमध्ये पाळणाघर चालवायच्या. तिथल्या मुलांसाठी त्यांनी एक अंगाई रचली, चालही स्वतःच लावली. आमची मुग्धा त्याच अंगाईवर झोपायची.

काकू गेल्या. त्या वर्षी मराठी मंडळाच्या बायकांनी गणपतीत ती अंगाई बसवायचं ठरवलं आणि रीतसर परवानगी मागितली. काका म्हणाले, "नाही. साठ वर्षं ती माझ्याकडे आहे." कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत. पुन्हा कोणी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुग्धा बाळाला घेऊन माहेरी आली. एका दुपारी बाल्कनीतल्या उन्हात ती बाळाला थोपटत गात होती, "बाल्कनीत निजली शेवग्याची सावली..." मूळ शब्द 'परसात'. दिल्लीत वाढलेल्या मुलीला परस कुठून माहीत असणार?

काका पेपर परत द्यायला आले आणि आतल्या दाराशीच थबकले. माझ्या बायकोने मुग्धाला गप्प बसायची खूण केली. मीही मनात सारवासारवीची वाक्यं जुळवू लागलो.

"थांबू नकोस," काका म्हणाले.

मुग्धाने अंगाई पुरी केली. काका स्टुलावर बसले.

"दुसरं कडवं परत म्हण. तिथे आवाज वर जातो ना?"

"काका, तुम्हाला तर पाठ असेल."

"शब्द सगळे पाठ आहेत. चाल गेली, बेटा. रोज म्हणून बघतो, पण तिथेच अडकतो. रेकॉर्ड कधी केलीच नाही. ती घरातच होती, करायची कशाला?"

मुग्धाने ते कडवं पुन्हा म्हटलं. मग अजून एकदा. काकांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

निघताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "मंडळात सांगा, म्हणा म्हणावं. सगळ्यांनी म्हणा. फक्त मालतीचं नाव घ्या." मग चपला घालता घालता थांबले. "आणि शब्द बदलले तरी चालतील."

दुसऱ्या दुपारी बेल वाजली. काका होते, हातात पेपर वगैरे काही नव्हतं.

"बाळ जागं आहे?"

"आत्ताच झोपलं," मी म्हणालो.

"अच्छा," म्हणाले, आणि तरीही आत येऊन बसले. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि झोपलेल्या बाळासाठी हलक्या आवाजात अंगाई सुरू केली.