दत्ताराम काकांचा जोडीदार

दत्ताराम काकांनी कांदिवलीतल्या आमच्या सोसायटीत पोरांचं वेप, म्हणजे ती वासाची इलेक्ट्रिक सिगारेट, सुटावं म्हणून चक्क मालवणी गाऱ्हाणं घातलं. पुढ्यात नारळ, हात जोडलेले, गावच्या देवळात घालतात तसं. "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांका जो काय नाद लागलो हा, तो सुटू दे रे म्हाराजा!" आणि माझ्या लेकासकट, निनादसकट, नऊ कॉलेजकुमार हसू दाबत ओरडले, "व्हय म्हाराजा!"

काका सत्तरीचे, काकू गेल्यापासून एकटे. "एकट्यान काय सुटणा नाय, जोडीदार व्हयो!" हे त्यांचं पालुपद. दर शनिवारी क्लबहाउसमध्ये ते पोरांच्या जोड्या लावत. तलफ आली की जोडीदाराला फोन करायचा, त्याने उपदेश न करता नुसत्या गप्पा मारायच्या. नऊ जणांत निनाद एकटा उरला, तेव्हा काकांनी खिशातली तंबाखूची पुडी टेबलावर आपटली. "मी आसंय मां! चाळीस वर्सां खातंय. तू सोड, मी सोडतंय."

तीन आठवडे बरे गेले. मला वेडीला आशासुद्धा वाटू लागली.

चौथ्या शनिवारी काकांना वाटलं, नाव-पत्ता सांगितल्याशिवाय देवाला माणूस सापडणार कसा? मग खिडक्या सताड उघड्या असताना प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, सगळं खणखणीत आवाजात देवाच्या कानावर घातलं. देवाचं माहीत नाही, सोसायटीला नीट ऐकू गेलं. पुढच्या शनिवारी क्लबहाउसमध्ये काका आणि नारळ, दोघंच.

"मम्मी, यार, पूर्ण वाट लावली त्यांनी माझी!" म्हणत निनादने त्यांचा फोन घेणं बंद केलं. बाथरूममधून पुन्हा वेपचा तो आंब्याचा गोड वास येऊ लागला. मी समजावलं, रडले, एकदा थोबाडीतही मारली. काही उपयोग झाला नाही.

काल दुपारी त्याचा फोन वाजत राहिला, म्हणून मीच उचलला.

"निनाद, तलफ इली रे. पुडी हातात हा. बोल कायतरी."

"काका, मी त्याची आई. तो बाथरूममध्ये आहे."

"बरा, बरा. इतक्याच सांग, तेणा सोडल्यान मां? तेणा सोडल्यान तर मी पण ही भायर टाकतंय."

दाराच्या फटीतून आंबा दरवळत होता.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

काका हसले. मग हळूच म्हणाले, "तेका एकदा फोन उचलूक सांग गो. हंय बोलूक कोण नाय."

मी बाथरूमचं दार ठोठावलं. आतून नळ सोडल्याचा आवाज आला.