डाग बघणारे सॅमसनकाका

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत भिंतीला ओल आली की आधी प्लंबर येत नाही, तिसऱ्या मजल्यावरचे सॅमसनकाका थळकर येतात. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस. पण त्यांच्यासमोर ‘लीकेज आहे’ म्हणायची सोय नाही. “तू कोण ठरवणार? म्हण, मला काहीतरी डागासारखं दिसतंय. आमच्या तोरात तसंच लिवलंय.”

काका बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. ‘तोरा’ ह्या त्यांच्या धर्मग्रंथात कातडीवरच्या डागांवर दोन लांबलचक अध्याय आहेत आणि गंमत म्हणजे तो रोग माणसाला होतो, कपड्याला होतो, घराच्या भिंतीलाही होतो. त्याला कुणी ‘महारोग’ म्हटलं की काका उखडतात. “भिंतीला कधी महारोग होतो काय गो? डॉक्टरांचा रोग वेगळा, हा वेगळा!” हेच अध्याय बायबलातही असल्यामुळे खालच्या डिसोझाबाईंना त्यांनी हे तीनदा तरी ऐकवलंय.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बेडरूमच्या भिंतीवर हिरवट डाग उमटला. मी शहाण्यासारखं ‘डागासारखं’ म्हटलं. काका खूश झाले, पण दारातच थांबले.

“आधी खोली रिकामी कर.”

“सगळी?”

“सगळी. मी बघून खराब म्हटलं की आतलं सामानही खराब ठरतं. वाचवायचं ते निकालाच्या आधी वाचवायचं.”

पलंग, कपाट, सासूबाईंचं शिलाई मशीन, सगळं पॅसेजमध्ये गेलं. काकांनी चष्मा दोनदा पुसला, खिडकी उघडून भिंत पाहिली आणि दार ओढून घेतलं. “सात दिवस कुणी आत जायचं नाय.” आम्ही हॉलमध्ये झोपलो. चौथ्या दिवशी एक एजंट ‘फ्लॅट रेंटवर देताय का’ विचारून गेला. नवरा माझ्याशी बोलेनासा झाला. सातव्या दिवशी डाग वाढलेला होता. काकांनी गिलावा खरवडून घेतला, तर आत वरच्या बाथरूमचा पाइप ठिबकत होता. हे कुठल्याही प्लंबरने दहा मिनिटांत सांगितलं असतं.

भिंत सुकल्यावर मी लाडू घेऊन त्यांच्याकडे गेले, ती टोमणा तयार ठेवूनच. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. चेहरा, हात, पावलं, सगळीकडे कोड पसरून दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या. काकांनी ओळख करून दिली. “ही रिबकाताई, माझी मोठी बहीण. गावाहून आली, आता इथेच राहील.”

“काका, एका डागाला सात दिवस कशाला हो?” मी विचारलंच.

आता अध्याय ऐकावा लागणार असं वाटलं. पण काका बहिणीकडे बघत बोलले. “हिच्या हातावर पयला डाग आला, तेव्हा वडलांनी मला ग्रंथ वाचायला सांगितला. मी कॉलेजात होतो. तिसऱ्या ओळीत ‘अशुद्ध’ आलं आणि मी पुस्तक मिटलं. हिचं ताट वेगळं झालं, ठरलेलं लग्न मोडलं, मागची खोली मिळाली. सात दिवस कुणी थांबलं नाय. रिटायर झाल्यावर पुढचं वाचलं. तेराव्या ओळीत लिवलंय, सगळं अंग पांढरं झालं तर तो माणूस शुद्ध. तेव्हापासून हिला ये म्हणतोय.”

मला माझ्या टोमण्याची लाज वाटली.

“दहा ओळी वाचायला चाळीस वर्षं लावलीस,” ताई म्हणाल्या. “मी यायला चार लावली तर काय बिघडलं?”

टेबलावर दोघांचा गोड पोह्यांचा मलिदा होता, एकाच ताटात. काकांनी त्यातल्या खजुराची बी काढली आणि खजूर तिच्या बाजूला सरकवला.